एक नुक्ता राहिला होता

ज्याला आपण वंदनीय मानतो, त्याचा चेहरा नजरेसमोर असल्याशिवाय श्रद्धेला आधार मिळत नाही; प्रतिमा हाच स्मृतीचा पाया आहे.

हे वाक्य माझं आहे. कात्रजला आम्ही राहतो त्या सोसायटीच्या हॉलमध्ये संस्थापक अध्यक्षांच्या तसबिरीचं अनावरण होतं आणि विद्यमान अध्यक्षांना भाषण हवं होतं. पस्तीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेल्यामुळे सोसायटीतलं लिहिण्याचं सगळं काम माझ्याकडे येतं. पाण्याच्या टाकीवरची सूचनाही माझीच आहे. अध्यक्षांनी ते वाक्य दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चुकून. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, उपमा झाला. अकरा दिवसांनी संस्थापकांच्या पत्नी मुलाकडे आल्या होत्या, त्या सहज हॉलमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, "अहो, यांच्या धाकट्या भावाला इथे कशाला लावलंय?"

समारंभाला साठ-सत्तर माणसं होती. त्यातली बरीचशी संस्थापकांबरोबर वर्षानुवर्षं सकाळी फिरायला जात असत. तसबिरीपुढे हात जोडताना कोणाच्याही श्रद्धेला काही कमी पडलं नव्हतं.

या प्रकाराला सगळ्यांत जास्त हसले ते आमच्या वरच्या मजल्यावरचे सर. लष्कर भागातल्या, नन्सनी चालवलेल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली. सोसायटीत त्यांना कोणी नावाने ओळखत नाही. 'सर' म्हटलं की तेच. हसून झाल्यावर ते म्हणाले, "तरी मला वाटलंच होतं. नाक वेगळं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"अहो, माझ्या डोळ्यांवर हल्ली मीच विश्वास ठेवत नाही."

मी तो विनोद समजलो. तो विनोद नव्हता, हे कळायला महिना गेला. सरांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. उजव्या डोळ्याचं काम आटोपलं होतं, डावा त्याच मार्गावर होता. दर काही आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे वेग कमी होतो. डॉक्टरीणबाईंनी त्यांना साध्या शब्दांत सांगितलं होतं: कडा राहतील, मधलं जाईल. सर ते आणखी साध्या शब्दांत सांगत. "तुमचे कान मला उत्तम दिसतात. नाक आहे असं मी गृहीत धरतो."

त्यामुळे ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे न बघता ते खिडकीकडे बघत. तसं केलं की डोळ्याच्या कडेने समोरचा माणूस जरा दिसतो. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे भाभी म्हणतो, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "खिडकीकडे बघून बोलायची सवय तर निकाहपासूनची आहे, भाईसाब. डोळ्याचं निमित्त आत्ता सापडलंय."

एका दुपारी सरांनी मला वर बोलावलं आणि टेबलावरचं पांढरं फडकं बाजूला केलं. खाली हाताने घोटून गुळगुळीत केलेला, फिक्या चहाच्या रंगाचा मोठा कागद होता. वरच्या भागात एक ओळ, खाली मोठं वर्तुळ, वर्तुळाला मिठी मारून बसलेली सोनेरी चंद्रकोर, चार कोपऱ्यांत चार लहान वर्तुळं, तळाशी एक चौकट. मोठ्या वर्तुळात काळ्या शाईच्या बारीक ओळी होत्या, निम्म्याच भरलेल्या. शेजारी त्याच रचनेचा एक छापील कागद होता. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो तुर्कस्तानातून आणून दिला होता.

"हे काय आहे?"

"हुलिया शरीफ."

हुलिया म्हटलं की मला पोलीस चौकी आठवते. मी तसं म्हटलं.

"शब्द तोच आहे," सर खिडकीला म्हणाले. "पोलिसांनी नंतर उचलला."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पैगंबरांचं चित्र काढायचं नाही, हे बहुतेक मुसलमान मानतात. पण ते दिसायला कसे होते हे जाणून घ्यायची ओढ तर माणसाला असणारच. ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांनी सांगून ठेवलेलं वर्णन पिढ्यानुपिढ्या चालत आलं, आणि तुर्की सुलेखनकारांनी त्या वर्णनाला ही अशी मांडणी दिली. चेहऱ्याच्या जागी मजकूर. भिंतीवर लावायचा, पण बघायचा नाही, वाचायचा.

सरांची नात लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून हत्ती, मोर, आगगाडी अशा फर्माइशी करत असे. एकदा तिने पैगंबरांबद्दल विचारलं, "नाना, हुजूर कसे दिसायचे? काढून दाखवा ना." सर म्हणाले होते, "काढून नाही, लिहून देईन." ते राहून गेलं. आता तिचं लग्न झालं होतं, मांजरी गावात नव्या इमारतीत ती दोघं घर लावत होती, आणि सरांचा डावा डोळा किती महिने टिकेल हे कोणी सांगत नव्हतं. कागद त्याआधी पुरा व्हायला हवा होता. आणि बिनचूक.

"माझं लिहिलेलं मला तपासता येत नाही," सर म्हणाले. "शब्दाकडे बघितलं की शब्दच गायब होतो. तुम्ही तपासाल?"

"सर, मला अरबी येत नाही."

"म्हणून तर. अरबी येणारा माणूस चूक असली तरी बरोबरच वाचेल."

पस्तीस वर्षांत माझ्या धंद्याची इतकी अचूक व्याख्या मी ऐकली नव्हती. आयकराच्या कायद्यावरची तीन पुस्तकं मी एक अक्षरही न समजता तपासली आहेत, आणि तिन्ही निर्दोष निघाली होती. मी दुसऱ्या दिवसापासून जाऊ लागलो.

कामाची पद्धत अशी होती. जेवणानंतर, उजेड चांगला असताना, सर हातपाय धुऊन, नमाजाआधी करतात तसं वजू करून बसत. बोरूने एक ओळ लिहीत. लिहिताना मान डावीकडे वळवलेली, नजर गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीवर (ती भाभींची, सर्दीला काढा लागतो), आणि हात इकडे कागदावर. दुसरीकडे बघून लिहिणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पहिले दोन दिवस मला त्याची भीती वाटली. नंतर, 'अद्भुत' हा जो शब्द मी आजवर मराठीत कोणाला वापरू दिला नव्हता, दिसला की खोडत आलो होतो, तो मनातल्या मनात वापरून टाकला. शाई वाळली की मी छापील कागदाशी ओळ ताडून बघायची: आकार, वळण, ठिपके. ठिपक्याला ते नुक्ता म्हणत. सगळा हिशेब नुक्त्यावर. अमुक अक्षर इतके नुक्ते उंच, तमुक इतके नुक्ते रुंद. अक्षराच्या वर-खाली नुक्ता नसेल तर एका अक्षराचं दुसरं अक्षर होतं.

ओळ तपासून झाली की सर तिचा अर्थ सांगत. फार उंच नव्हते, ठेंगणेही नव्हते. केस फार कुरळे नाहीत, अगदी सरळही नाहीत. डोळे काळेभोर, पापण्या लांब. चालताना उतारावरून उतरल्यासारखे चालत. कोणी हाक मारली तर नुसती मान वळवत नसत, सबंध वळत. एकाएकी समोर आलेल्याला त्यांचा धाक वाटे. सहवास घडलेल्याला ते आवडू लागत.

मी देवाधर्माचा माणूस नाही. सकाळचा पहिला चहा वगळता कशावर माझी निष्ठा आहे असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण 'नुसती मान वळवत नसत, सबंध वळत' हे ऐकल्यावर मी घरी येऊन बराच वेळ बसून राहिलो. माझ्याकडे आजवर कोण कोण सबंध वळलं होतं, ते आठवत.

गंमत अशी, की इतकं वर्णन ऐकूनही चित्र उभं राहत नव्हतं. उभं राहू लागलं की ते कुठल्या तरी कॅलेंडरमधलं असायचं. आमच्या देवांचे चेहरे छापखान्यांनी ठरवले. मी छापखान्यात होतो, मला माहीत आहे. मी सरांना ही अडचण सांगितली.

"येऊ द्यायचं नाही ते," ते म्हणाले. "आलं की पुढची ओळ वाचायची."

"पण नेमकं काय बिघडतं, सर? मनाईचं कारण काय?"

"मौलवीसाहेब सांगतील ते कारण वेगळं: माणूस चित्रापाशी थांबतो, चित्रालाच नमस्कार करायला लागतो. तेही खरं आहे. मी ड्रॉइंग मास्तर, मी माझं सांगतो. तीस वर्षं पोर्ट्रेट शिकवलं. पोर्ट्रेट म्हणजे निवड. एक नाक काढलं की उरलेली सगळी नाकं खोडली. ही निवड करणारा मी कोण?"

"म्हणजे कोणी कधी काढलंच नाही?"

"काढलं की! असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इराणात काढलं, तुर्कस्तानात काढलं, राजेलोकांच्या पुस्तकांत. कोणी चेहऱ्यासकट काढलं. कोणी चेहऱ्यावर पांढरा पडदा सोडला आणि डोक्याभोवती सोन्याच्या ज्वाळा. मी छापील प्रती पाहिल्यात. कुठे कुठे मागाहून कोणी तरी चेहरा खरवडलेलाही असतो. काढणाराही मुसलमान, खरवडणाराही मुसलमान, दोघेही प्रेमानेच. माझे वडील घरात स्वतःचाही फोटो लावू देत नसत. आणि ही," त्यांनी भाभींच्या दिशेने, म्हणजे फ्रिजकडे, बोट केलं, "लग्नाचे तीन अल्बम घेऊन बसली आहे."

"चार," आतून आवाज आला.

त्याच दुपारी त्यांनी नाताळची गोष्ट सांगितली. शाळेत दर डिसेंबरला येशूजन्माचा देखावा होई, मागचा पडदा रंगवायचं काम ड्रॉइंग मास्तरांचं. नव्याने लागले तेव्हा सरांनी तारा काढला, गाई काढल्या, मेंढ्या काढल्या, गव्हाण काढली, गवताची काडी न् काडी काढली. मुख्याध्यापिका सिस्टर बघायला आल्या. "सर, बाळ कुठे आहे?"

सर म्हणाले, "सिस्टर, ईसा अलैहिस्सलाम आमचेही पैगंबर आहेत. बाळ तुम्ही आणा."

"मग त्यांनी काय केलं?"

"बालवाडीतली बाहुली आणली. पडद्यापुढे ठेवून बघितली. मग पडद्याजवळ गेल्या. मी गवतात एक खळगा काढला होता. बाळ झोपलं तर गवत दबेल ना, तेवढाच. आत कोणी नाही. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, बाहुली परत नेऊन ठेवा. पुढं तो पडदा विरेपर्यंत दर वर्षी तोच लावायचे."

मला माहीत असलेली भव्यता नेहमी आकाराने मोठी असते. कमानी, मंडप, चौकाचौकांतले फ्लेक्स, ज्यांवर शुभेच्छुकांचे चेहरे सत्कारमूर्तीपेक्षा जास्त असतात. गवतातल्या खळग्याएवढी भव्यता मला ठाऊक नव्हती. मी चहा न पिता तसाच खाली आलो आणि भाभींनी तो चहा माझ्यामागून खाली पाठवला.

कागद पुरा झाला तेव्हा डावा डोळा बराच गेला होता. शेवटच्या ओळीत वर्णन सांगणारा म्हणतो, की असा माणूस मी आधी पाहिला नाही आणि नंतरही नाही. ती लिहायला सरांना चार दुपारी लागल्या. शाई वाळली. सरांनी बोरू धुऊन पुसून ठेवला आणि मला म्हणाले, "आता पहिल्यापासून."

मी पट्टी घेऊन पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासायला बसलो. मोठ्या वर्तुळात, खालच्या बाजूला, छापील कागदात एका अक्षराखाली ठिपका होता आणि सरांच्या कागदात नव्हता. मी तीनदा बघितलं. भिंग घेतलं. ही ओळ मी आधी एकदा तपासून बरोबर म्हणून सोडलेली होती. चूक त्यांची होती, निष्काळजीपणा माझा.

अशा वेळी न सांगण्याचा मोह होतो. लेखकाला नको असलेली दुरुस्ती मी अनेकदा गिळली आहे. पण या माणसाने मला दुसऱ्या कशासाठी बोलावलंच नव्हतं.

"सर, एक नुक्ता राहिलाय."

त्यांनी कुठला ते विचारलं. मी त्यांचं बोट धरून जागेवर नेलं. त्या ओळीत पैगंबरांच्या दोन खांद्यांच्या मधोमध असलेल्या खुणेचा उल्लेख आहे. 'मधोमध' सांगणाऱ्या शब्दातल्या पहिल्याच अक्षराखालचा नुक्ता सुटला होता. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वाचणारा वाचून घेईल," मी म्हटलं.

"घेईल. पण राहिला तो राहिला."

त्यांनी बोरू शाईत बुडवला, मान वळवून कुंडीकडे नजर लावली, हात कागदावर आणला. मी सांगत होतो: जरा डावीकडे, जरा वर. दोन बारीक ओळींमधली जागा तांदळाच्या दाण्याएवढी. हात तिथे पोहोचला आणि थरथरला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा मागे घेतला. तिसऱ्या वेळी बोरू खाली ठेवला.

"तुम्ही ठेवा."

"मी? सर, मी तर..."

"नुक्ता ठेवायचाय, कलमा पढायचा नाही. स्थिर हात पाहिजे."

"अहो, पण माझा विश्वासच नाही कशावर!"

"तुमचा हात हलतो का?"

"नाही."

"मग झालं तर."

लगेच मात्र ठेवू दिला नाही. तीन दिवस मला जुन्या वर्तमानपत्राच्या समासांत नुक्ते काढायला बसवलं. बोरू तिरका धरायचा, टेकवायचा, किंचित ओढायचा, उचलायचा. कागदावर शंकरपाळ्याच्या आकाराचा ठिपका उमटला पाहिजे. माझे उमटत ते बटाट्यासारखे. सर बोटाने चाचपून आणि डोळ्याच्या कडेने बघून निकाल देत. "एलिमेंटरीला नापास." दुसऱ्या दिवशी, "काठावर पास." भाभी म्हणाल्या, "मुलांना मारायचे नाहीत कधी, तुम्हाला मारतील." चौथ्या दिवशी ओळीने दहा नुक्ते काढून झाल्यावर सर म्हणाले, "हात धुऊन या."

मी हात धुतले. आरशात स्वतःकडे बघितलं आणि पुन्हा धुतले. का ते सांगता येणार नाही.

सर खुर्चीच्या मागे उभे राहिले, कागदाला हात न लावता. मी बोरू टेकवला. चौदाशे वर्षं माणसं एका माणसाचं वर्णन जिवापाड जपत आली, एकाने ऐकून दुसऱ्याला सांगत आली, चित्राचा मोह टाळून शब्दाशब्दाने इथवर आणत आली. आणि या क्षणी त्यातला एक ठिपका माझ्या हातात होता, ज्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. मी श्वास धरला. ओढला, उचलला.

"पडला?" सरांनी विचारलं.

"पडला."

"जागेवर?"

मी भिंगातून बघितलं. "एक केसभर खाली."

"केस चालतो," सर म्हणाले, आणि खुर्चीच्या पाठीवरचे त्यांचे हात मला सैल पडताना दिसले.

फ्रेम करायला कागद मी शनिवार पेठेतल्या एका दुकानात नेला, कारण जुन्या कागदांची नीट निगा राखणारा तो एकच मला माहीत होता. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाला, "कोण आहेत?"

"कोणी नाही. मजकूर आहे."

"मजकुराला सोनेरी पट्टी? प्रमाणपत्र दिसतंय."

मग मी त्याला उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चित्र का नाही, वर्णन का, तुर्कस्तान, चंद्रकोर, सरांचे डोळे. हे चित्र नाही आणि चित्र म्हणून याकडे बघायचंही नाही, हे मी दोन वेगवेगळ्या पद्धतींनी स्पष्ट केलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही, पुण्यातल्या दुकानात हे मी प्रथमच अनुभवत होतो. शेवटी त्याने हात पुसले, काउंटरवर स्वच्छ कागद पसरला आणि त्यावर तो अलगद ठेवून घेतला. "समजलं. वरची बाजू कुठली तेवढी सांगा."

मांजरीच्या घरी आम्ही तिघं एका रविवारी सकाळी गेलो. फ्रेम आदल्या दिवशी परस्पर पोहोचली होती आणि नातजावयाने ती भिंतीवर लावूनही ठेवली होती. सर भिंतीसमोर उभे राहिले आणि मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले. म्हणजे ते फ्रेम बघत होते. नात म्हणाली, "नाना, वाचू?"

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सरांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मला भाषा कळत नव्हती, पण कितव्या ओळीत काय आहे ते आता पाठ होतं: उंची, केस, डोळे, चाल, सबंध वळणं. खांद्यांची ओळ आली. माझे हात मी पाठीमागे धरले होते. ती थांबली नाही, अडखळली नाही. त्या शब्दावरून तशीच पुढे गेली, जणू तो नुक्ता तिथे पहिल्यापासून होता. शेवटची ओळ वाचून झाल्यावर भाभींनी पदर डोळ्यांना लावला. मला अशा प्रसंगी काही तरी उपरोधिक सुचतं. सुचलं नाही.

मग सरांनी विचारलं, "सरळ लागलीय ना?"

फ्रेम उजवीकडे जराशी कललेली होती. मी पुढे होऊन खालची कड उचलली, तेव्हा मागे दुकानदाराने चिकटवलेली चिठ्ठी दिसली. अक्षर सुवाच्य होतं: "मोठा फोटो, नग १. हाराचा खिळा वर मारला आहे."